प्रत्ययाचा प्रत्यय

उत्तरपत्रिका तपासणें हा प्राध्यापकाच्या आयुष्यांतील सर्वांत नीरस उद्योग आहे, असें आमचे व्यवसायबंधु एकमुखानें सांगतील. आणि तीस वर्षें तो केल्यावर त्यांच्या म्हणण्यास दुजोरा देण्याचा अधिकार आम्हांसहि पोंचतो. या काळांत लाल शाई किती खर्ची पडली याचा हिशेब आम्हीं ठेविला नाहीं. पण तो कोणी ठेविला असता, तर तिचा मोठा वाटा इंग्रजी भाषेच्या अगदीं चिमुकल्या अवयवांवर सांडलेला दिसला असता. कोठें शब्दाच्या शेवटीं 'एस' राहिला, तर कोठें तो नको तेथें येऊन बसला. कोठें 'ईडी'चा विसर पडला, तर कोठें 'आयएनजी'चें शेंपूट उगीच लोंबत राहिलें. आशय, मांडणी, विचार ही बडी मंडळी बहुधा सहीसलामत सुटते. मार बसतो तो या बापुड्या प्रत्ययांना.

विद्यार्थी येथें चुकतो तो केवळ निष्काळजीपणामुळें, अशी आमची पुष्कळ वर्षें पक्की समजूत होती. ती कशी ढांसळली, आणि ढांसळेपर्यंत तिनें काय नुकसान केलें, तें आज वाचकांपुढें मांडावें असें मनांत आहे.

पहिली गोष्ट १९९५ सालची. आम्ही नुकतेच एका तालुक्याच्या गांवीं कॉलेजांत लागलों होतों. प्रथम वर्षाच्या वर्गांत प्रत्येकानें उभें राहून आपल्या घरच्या माणसांविषयीं इंग्रजींत चार वाक्यें बोलावींत, असा प्रघात आम्हीं मोठ्या उत्साहानें सुरू केला होता. एके दिवशीं मागच्या बांकावरचा एक किरकोळ अंगाचा मुलगा उठला. त्यानें घसा साफ केला आणि सांगितलें, "माय मदर इज अ व्हेरी गुड कुकर." वर्गांत हंशा पिकला. येथवर फारसें बिघडलें नव्हतें. तरुण मुलें हंसावयाचींच. पण आम्हांला आपल्या विनोदबुद्धीची घमेंड होती. आम्हीं विचारलें, "असें का? मग किती शिट्ट्या होतात?" हंशा दुप्पट झाला. मुलगा खालीं बसला, आणि त्या वर्षांत तो पुन्हा उठला नाहीं. हजेरीच्या वेळीं 'प्रेझेंट' एवढा एक शब्द काय तो त्याच्या तोंडून येई. त्यानें भरल्या वर्गांत आपल्या आईचें कौतुक केलें होतें. आम्हीं त्या माउलीचें अ‍ॅल्युमिनिअमचें भांडें करून टाकलें. हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. उलट संध्याकाळीं चहा घेतांना तोच विनोद आम्हीं सहकाऱ्यांना पुन्हा सांगितला.

आतां त्या मुलानें वस्तुतः केलें काय, तें पाहूं. टीच या क्रियापदापासून टीचर, सिंगपासून सिंगर, ड्राइव्हपासून ड्रायव्हर. क्रियापदास 'अर' लावला कीं ती क्रिया करणारा मनुष्य सिद्ध होतो, हा नियम आठच दिवसांपूर्वीं फळ्यावर लिहून देणारे आम्हीच. त्यानें तो नियम कुक या क्रियापदास लाविला. आपल्याकडील वैयाकरणांनीं याहून वेगळें काय केलें? पच् धातूस कृत् प्रत्यय लाविला कीं 'पाचक' होतो, आणि पाचक म्हणजे स्वयंपाकी. मुलाचें गणित बिनचूक होतें. अडचण एवढीच होती कीं, इंग्रजींत त्या आसनावर अगोदरच कोणी तरी येऊन बसलें होतें. 'कुक' हें स्वयंपाक्याचें नांव प्राचीन इंग्रजींत लॅटिनमधून आलेलें, आणि 'कुक करणें' हें क्रियापद त्या नांवापासून मागाहून निघालेलें. म्हणजे येथें मुलगा बापाच्या आधीं जन्मला नसून आपणच त्यांची वडिलकी उलटी धरतों! जागा अडलेली असल्यामुळें 'कुकर' माणसाला मिळाला नाहीं. तो रिकामाच राहिला, आणि पुढें एकोणिसाव्या शतकांत शिजविण्याच्या साधनाला जाऊन चिकटला. रूढ शब्द नियमानें होणाऱ्या शब्दाची वाट अशी अडवितो, या प्रकारास मार्क आरोनॉफ या अमेरिकन अभ्यासकानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत 'अडवणूक' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. आपल्या परंपरेंत हीच गोष्ट उत्सर्ग आणि अपवाद या जोडीनें फार पूर्वीं सांगितलेली आहे: सामान्य नियम सर्वत्र चालतो, पण जेथें विशेष नियम उभा असेल तेथें सामान्यानें बाजूस व्हावें. त्या मुलाला उत्सर्ग ठाऊक होता, अपवाद ठाऊक नव्हता. यांत हंसण्यासारखें काय होतें?

बरें, हीच चूक घरांत झाली तर आपण काय करतों? तीन वर्षांचें मूल "मी करलं" म्हणतें. 'बस'चें 'बसलं', 'हस'चें 'हसलं', तर 'कर'चें 'करलं' कां नको? घरांतील कोणीहि त्याला 'करलं' शिकविलेलें नसतें. तें त्यानें स्वतः घडविलेलें असतें. आणि आजी तें ऐकून त्याची अलाबला घेते. तेंच मूल पंधरा वर्षांनीं परक्या भाषेंत तोच पराक्रम करतें, तेव्हां त्याच्या वांट्याला लाल शाई येते.

याविषयीं जीन बर्को या विदुषीनें अमेरिकेंत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत तिनें तो वर्णिला आहे. लहान मुलांना तिनें पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचें चित्र दाखविलें आणि सांगितलें, हा 'वग'. मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडलें. मुलांनीं तें 'वग्ज' असें पुरें केलें. 'वग' हा शब्द जगांतील कोणत्याहि कोशांत नव्हता. तेव्हां मुलांनीं तो पाठ केलेला असणें शक्यच नव्हतें. त्यांच्यापाशीं नियम होता. पण गंमत अशी, कीं तींच मुलें 'ग्लास'चें 'ग्लासेस' बरोबर करीत, आणि तशाच शेवटाचा एकादा बनावट शब्द पुढें आला कीं अडखळत. म्हणजे ज्यांच्या घरांत इंग्रजी पाण्यासारखी वाहते त्यांनाहि हा नियम एकदम गवसत नाहीं, तुकड्यातुकड्यानें गवसतो. शब्दांची फोड करण्याचीहि मुलांची रीत स्वतंत्र असते. शुक्रवारला 'फ्रायडे' कां म्हणतात, असें विचारल्यावर एका मुलानें सांगितलें कीं, त्या दिवशीं तळलेले मासे खातात म्हणून! आमच्या वर्गांत हें उत्तर आलें असतें तर आम्हीं काय केलें असतें, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

फोड करण्याची ही खोड मोठ्यांनाहि असते. हँबर्ग शहरावरून 'हँबर्गर' झाला. लोकांनीं त्यांतून 'हॅम' वेगळा काढला आणि उरलेल्या 'बर्गर'ला हवीं तीं विशेषणें जोडलीं. वाटाण्याचें जुनें इंग्रजी नांव 'पीज' असें होतें आणि तें एकवचनी होतें. शेवटचा ध्वनि अनेकवचनाचा असावा अशा समजुतीनें लोकांनीं तो छाटला आणि 'पी' हा नवा शब्द जन्मास घातला. आपल्या गाडींतील प्रवासी "एक लेडीज उभी आहे" म्हणतो तेव्हां आपण स्मित करतों. त्यानें अनेकवचनाचा प्रत्यय शब्दाचा भाग मानला, इंग्रजांनीं शब्दाचा भाग प्रत्यय मानला. फरक दिशेचा, जातीचा नव्हे. पण त्यांची चूक कोशांत जाऊन बसली, आणि याची चेष्टेचा विषय झाली.

उपसर्गांचा प्रकार याहून जोखमीचा. 'इन्' म्हणजे नकार, असें आम्ही शिकवितों: कंप्लीट–इन्कंप्लीट, व्हिजिबल–इन्व्हिजिबल. आमचा एक विद्यार्थी महामार्गावरच्या ढाब्यापाशीं उभ्या असलेल्या तेलाच्या टँकरवरील 'हायली इन्फ्लेमेबल' हीं अक्षरें वाचून मित्राला म्हणाला होता, "बघ, याला आग लागत नाही." हें त्यानें स्वतःच आम्हांला पुढें हंसत हंसत सांगितलें; आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. येथील 'इन्' नकाराचा नव्हे. लॅटिनमध्यें 'पेटविणें' या अर्थाच्या धातूच्या मागें लागलेला तो वेगळाच 'इन्'. दोघांचें रूप एक, कुळ निराळें. हा घोटाळा केवळ आपल्याकडचा असता तर सोडून देतां आला असता. परंतु ज्यांची ती मातृभाषा त्यांनाहि याची भीति वाटली, आणि अमेरिकेंत अग्निसुरक्षेचें काम पाहणाऱ्यांनीं विसाव्या शतकांत 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. नियमानें वाचणारा शिकाऊ येथें चुकला, तर नियम शिकविणाऱ्यानें त्याच्या जिवाची काळजी करावी, मार्कांची नव्हे.

उलट कित्येकदां शिकाऊच जिंकतो. 'पोस्टपोन' म्हणजे पुढें ढकलणें. मग अलीकडे ओढणें म्हणजे 'प्रीपोन'. हिंदुस्थानांतील कचेऱ्यांत हा शब्द इतका रुळला कीं, आज तो ऑक्सफर्डच्या कोशांतहि आढळतो. आमचे गुरुजी तो ऐकतांच कपाळास आंठ्या घालीत. आंठ्या घालणारे गेले, शब्द राहिला.

परंतु आमच्या शाईचा खरा शत्रु म्हणजे 'एस'. हा एकच ध्वनि तीन ठिकाणीं तीन कामें करतो: नामाला लागून अनेकवचन दाखवितो, मालकी दाखवितो, आणि क्रियापदाला लागून तृतीयपुरुषी एकवचन दाखवितो. विद्यार्थ्यास प्रथम भेटतो तो अनेकवचनाचा. एस म्हणजे पुष्कळ, हें त्याच्या मनावर पक्कें कोरलें जातें. पुढें कांहीं दिवसांनीं आम्ही त्यास सांगतों कीं, क्रियापदाला लागलेला एस म्हणजे एकच! मराठींत 'मुलगा खेळतो', 'मुलगे खेळतात'; कर्ता अनेकवचनी झाला कीं क्रियापदहि त्याच्याबरोबर अनेकवचनी वेष घेतें. म्हणून मुलगा 'बॉइज प्लेज' असें लिहितो. त्याच्या दृष्टीनें त्यानें दोन्हीं अंगांना सारखें वस्त्र नेसविलेलें असतें. रॉजर ब्राउन यांनीं तीन अमेरिकन बालकांच्या बोलण्याचा दीर्घ अभ्यास करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतहि नामाचा एस आधीं आणि क्रियापदाचा एस पुष्कळ मागाहून येतो असेंच आढळलें. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांतहि हा दुसरा एस उशिरांच स्थिरावतो, असें पुढच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. फार काय, इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच शहराच्या बोलींत हा एस पुष्कळदां गाळलाच जातो, हें पीटर ट्रडगिल यांनीं १९७४ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदविलें आहे. तेथला कामकरी 'ही गो' म्हणतो, आणि त्याचें कांहीं अडत नाहीं.

हें सर्व आम्हीं वाचलें होतें. तरीहि लाल शाई चालूच होती. कारण वाचलेलें ज्ञान आणि पटलेलें ज्ञान यांत अंतर असतें. तें अंतर एका मुलीनें मिटविलें.

आपल्या राज्यांत २००० साली इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. आमच्या वेळीं तो पांचवींत येई. ही मुलगी नव्या योजनेंतील अगदीं आरंभीच्या तुकड्यांपैकीं. २०१३ साली ती प्रथम वर्षाला आली. 'माझें घर' या विषयावर तिनें पानभर लिहिलें होतें. त्यांत आई 'कुक्स', भाऊ 'गोज टू स्कूल', आजी 'टेल्स स्टोरीज', असे सर्व एस जागच्या जागीं होते. आणि त्याच पानावर 'माय फादर ड्राइव्ह अ बस', 'दे गेट अप अ‍ॅट फोर', 'माय ग्रँडफादर रीड न्यूजपेपर'. जिला एस येतो तिनेंच तो टाकला, याचा आम्हांला विशेष राग आला. आम्हीं तिन्हीं ठिकाणीं वर्तुळें काढून समासांत 'केअरलेस' असा शेरा मारला आणि तिला खोलींत बोलावून घेतलें.

"आईला एस लावलास, भावाला लावलास, वडिलांनींच काय केलें?" आम्हीं विचारलें.

ती कांहीं वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, 'ही ड्राइव्ह्ज' म्हणजे 'तो चालवतो' ना? वडिलांना 'तो' कसं म्हणायचं?"

आम्हीं कागद पुन्हा हातीं घेतला. आई येते, आजी सांगते, भाऊ जातो. वडील चालवितात, आजोबा वाचतात. संबंध पानांत एकहि चूक यदृच्छेनें झालेली नव्हती. मराठी घरांत जेथें आदरार्थी अनेकवचन येतें, नेमका तेथेंच एस गेला होता आणि 'दे' आला होता. तिचे वडील एस्.टी.चे चालक, पहाटे चारला उठून बाहेर पडणारे. त्यांना एकवचनांत ओढणें तिच्या हातून झालें नव्हतें. आणि आम्ही समासांत लिहून बसलों होतों, 'निष्काळजी'!

तिला काय सांगावें? इंग्रजींत राजालाहि 'ही' आणि कैद्यालाहि 'ही', एवढें सांगून भागणार नव्हतें. तो तर तिच्या तक्रारीचाच पुनरुच्चार झाला असता. तेव्हां आम्हीं तिला 'यू'ची हकीकत सांगितली. इंग्रजींत एके काळीं एकाला 'दाउ' आणि अनेकांना 'यू' असा भेद होता. पुढें मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, 'यू' म्हणण्याचा शिष्टाचार पडला. तो वाढत वाढत खालपर्यंत गेला, आणि सतराव्या–अठराव्या शतकांत 'दाउ' नित्याच्या बोलण्यांतून जवळजवळ नाहींसा झाला. म्हणूनच आजहि समोर एकच मनुष्य असतां 'यू आर' म्हणावें लागतें, 'यू इज' म्हणतां येत नाहीं. त्या 'आर'मध्यें जुनें आदराचें अनेकवचन अजून जिवंत आहे.

ती विचार करून म्हणाली, "म्हणजे इंग्रजांनी 'तू' टाकून दिलं आणि सगळ्यांना 'तुम्ही'च केलं." थोडें थांबून पुढें म्हणाली, "मग 'ही'चं तेवढं करायचं राहिलं."

अठरा वर्षें इंग्रजी शिकवून ही गोष्ट इतक्या सरळपणें आमच्या मनांत कधीं आली नव्हती. तिनें तृतीयपुरुषांत जें केलें तेंच इंग्रजांनीं द्वितीयपुरुषांत केलें होतें. त्यांचा तो इतिहास, तिचा तो निष्काळजीपणा, असा निवाडा आम्हीं दिला होता. 'केअरलेस' हा शेरा आम्हीं तिच्या देखत खोडला. पुढच्या निबंधांत वडिलांच्या क्रियापदापुढें एस होता. एके ठिकाणीं मात्र तो लिहून खोडलेला आणि पुन्हा लिहिलेला दिसला. त्या खोडण्यास आम्हीं शाई लाविली नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये, कीं आम्हीं आतां चुकांना मोकळीक दिली आहे. ज्या जगांत हीं मुलें जातात तें जग नॉरिचचें नव्हे. मुलाखतीच्या टेबलापलीकडील गृहस्थ एक एस गळतांच मुलाची सारी लायकी ठरवून मोकळे होतात; त्यांना आदरार्थी अनेकवचनाची कथा ऐकण्यास सवड नसते. म्हणून एस शिकविलाच पाहिजे, आणि तो नसेल तेथें खूण केलीच पाहिजे. आम्हीं एवढाच फरक केला आहे: खूण करण्यापूर्वीं आम्ही ती चूक त्या पानावर आणखी कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें पाहतों. जी चूक सर्वत्र सारखी विखुरलेली असते ती कदाचित् निष्काळजीपणाची असेल. परंतु जी ठराविक जागींच येते तिच्यामागें कांहीं तरी नियम असतो, आणि तो विद्यार्थ्यालाच विचारावा लागतो. विचारल्यावर पुष्कळदां त्याच्या आईची भाषा समोर येऊन उभी राहते. एक मुलगा 'हेअर्स आर ब्लॅक' असें लिहितो, कारण त्याचे केस 'काळे आहेत', 'काळा आहे' नव्हेत. दुसरा 'वॉक्ड'चा उच्चार 'वॉकेड' असा करतो. त्याला ईडीचे तीन उच्चार पाठ करावयास लावण्याऐवजीं 'वाक्' आणि 'ईश' यांचा 'वागीश' कसा होतो तें विचारावें. शेजारच्या वर्णाची संगत लागून वर्ण पालटतो, हें त्यास मराठीच्या तासालाच कळलेलें असतें. दोन्हीं तासांच्या मधली भिंत आम्हीच बांधलेली असते.

संस्कृतांत प्रत्यय या शब्दाचे दोन अर्थ आहेत: शब्दाच्या शेवटीं लागतो तो, आणि अनुभवानें पटतें तें. पहिला आम्हीं तीस वर्षें शिकविला. दुसरा येण्यास अठरा वर्षें लागलीं, आणि तोंवर आमच्या वर्गांतून किती मुलें मुकाट्यानें निघून गेलीं असतील, याचा विचार नकोसा वाटतो. त्यांतील एकाची आठवण तर टाळूं म्हटल्यानें टळत नाहीं. तो मुलगा पुढें कोठें गेला, काय झाला, आम्हांला ठाऊक नाहीं. त्याची आई उत्तम स्वयंपाक करीत होती, एवढेंच ठाऊक आहे. तेंहि त्यानें सांगितलें म्हणून. सकाळीं आम्ही उत्तरपत्रिका घेऊन बसतों, तेव्हां आंत स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी होते, आणि लाल पेन हातांत कांहीं क्षण तसेंच थांबतें.